अमेरिकेतले यादवी युद्ध : ठिणगी कशाने पडली आणि गुलामांनी ते युद्ध कुठे नेले

पोथीनिशी

अमेरिकेतल्या यादवीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'लिंकनने गुलामांना सोडवण्यासाठी युद्ध केले' हे एक. आणि 'गुलामगिरी हे निमित्त होते, खरे भांडण राज्यांच्या हक्कांचे आणि जकातीचे (म्हणजे आयात मालावरच्या कराचे)' हे दुसरे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर या दोन्ही वाक्यांवरून बरीच खडाजंगी झाली, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतोय.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दक्षिणेकडची राज्ये फुटली ती गुलामगिरी वाचवण्यासाठी. उत्तरेने शस्त्र उचलले ते संघराज्य एकसंध ठेवण्यासाठी. आणि त्या लढाईला मुक्तीची लढाई बनवायला सगळ्यात आधी सुरुवात केली ती खुद्द गुलामांनी. पहिली दोन वाक्ये चावून चोथा झाली आहेत. तिसऱ्यावर मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

सुरुवात कापसापासून करावी लागते. १७९३ मध्ये एलाय व्हिटनीचे सरकी काढायचे यंत्र आले. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हाताने काढताना एका माणसाचा दिवस जेमतेम अर्धा किलो रुईत जायचा. यंत्र आले आणि जॉर्जियापासून मिसिसिपीपर्यंतच्या जमिनीवर कापूस परवडू लागला. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेतून जात होता. तो वेचणारे हात गुलामांचे. १८६० च्या जनगणनेत ३९ लाखांहून जास्त माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती.

आफ्रिकेतून गुलाम आणायला १८०८ पासून कायद्याने बंदी होती. त्यामुळे देशातल्या देशात व्यापार वाढला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांत तंबाखूने जमिनी खंगल्या होत्या. तिथले मालक आपली माणसे खाली, कापसाच्या मुलखात विकू लागले. यादवीपूर्वीच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अशी दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे हलवली गेली. रिचमंड आणि न्यू ऑर्लिन्स ही या व्यापाराची मोठी केंद्रे. नवरा एका गिऱ्हाईकाला, बायको दुसऱ्याला, दहा वर्षांचे पोर तिसऱ्याला. हे रोज, राजरोस, पावती करून चाले. माणसांच्या या 'मालमत्तेची' किंमत १८६० मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलर धरली जात होती. देशातल्या रेल्वे आणि कारखान्यांत मिळून गुंतलेल्या भांडवलापेक्षा ती जास्त होती. एवढा पैसा ज्या गोष्टीत अडकला आहे ती कोणी आपखुशीने सोडत नाही.

राजकारणाचा इतिहास भराभर सांगतो. भांडणाचा मुद्दा प्रत्येक वेळी एकच : पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मुभा द्यायची की नाही? १८२० ची मिसुरी तडजोड झाली आणि ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाची रेघ ओढली गेली : तिच्या उत्तरेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी नाही. मेक्सिकोशी युद्ध करून आणखी जमीन मिळाली, तेव्हा १८५० ची तडजोड झाली आणि तिच्यासोबत पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा आला. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने जुनी रेघ पुसली आणि कॅन्ससमध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर बंदुका घेऊन धावले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालायचा काँग्रेसला (तिथल्या संसदेला) अधिकार नाही. १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. तो फासावर गेला.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला, तो सुमारे ४० टक्के मतांवर. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नव्हती. त्याचे वचन एवढेच की गुलामगिरी आहे तिथे राहील, पण पसरणार नाही. तेवढ्यावर २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटली. फेब्रुवारी १८६१ पर्यंत सात राज्ये बाहेर पडली आणि जेफरसन डेव्हिस त्यांचा अध्यक्ष झाला. १२ एप्रिलला चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या. मग आणखी चार राज्ये तिकडे गेली. एकूण अकरा.

आता कारण त्यांच्याच तोंडून ऐका. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटले आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, आणि जगातला तो सर्वात मोठा भौतिक हितसंबंध आहे. नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानात म्हणाला की आमच्या सरकारची कोनशिला या सत्यावर ठेवली आहे की निग्रो गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, आणि वरिष्ठ वंशाचा गुलाम म्हणून राहणे ही त्याची नैसर्गिक स्थिती आहे. यावर मी आणखी काय भाष्य करणार?

युद्धाच्या प्रत्यक्ष वाटचालीवर जाणकारांनी लिहावे. तिसऱ्या मुद्द्यावर मी पुढे प्रतिसादात येतो.

सह्यकडा

लेख आवडला, पण पूर्ण सहमत नाही. तीन शंका आहेत.

एक, दक्षिणेच्या सैन्यातल्या बहुतेक शिपायांकडे स्वतःच्या नावावर एकही गुलाम नव्हता. अशी माणसे चार वर्षे अनवाणी, अर्धपोटी कशासाठी लढली? दोन, लिंकनने मार्च १८६१ च्या पहिल्या भाषणात स्वच्छ सांगितले होते की आहे त्या राज्यांतल्या गुलामगिरीला मी हात लावणार नाही. मग वाचवण्यासारखे धोक्यात काय होते? तीन, जकातीचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उडवून लावलात. उत्तरेच्या कारखानदारांना संरक्षण हवे होते आणि त्याचा भुर्दंड दक्षिणेला बसत होता, हे तर खरे आहे ना?

पोथीनिशी

@सह्यकडा, प्रश्न रास्त आहेत. उलट्या क्रमाने घेतो.

जकातीवरून खरे रण पेटले होते ते १८३२-३३ मध्ये, साउथ कॅरोलायनातच. पण १८५७ चा जकात कायदा दक्षिणेच्या पाठिंब्याने झाला होता आणि त्यातले दर कित्येक दशकांतले सर्वात कमी होते. दर वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला, तोही फुटलेल्या राज्यांचे बहुतेक सिनेटर उठून गेल्यावर. जे फुटल्यानंतर घडले ते फुटण्याचे कारण कसे होईल?

राज्यांच्या हक्कांबद्दल साउथ कॅरोलायनाचा जाहीरनामा मुळातून वाचा. त्यातली मुख्य तक्रार अशी की उत्तरेतली राज्ये पळालेले गुलाम परत करत नाहीत आणि त्यासाठी स्वतःचे कायदे करतात. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरला तेव्हा यांना तो खुपला. त्यांच्या नव्या राज्यघटनेतही गुलामांवरच्या मालकीहक्काला बाध आणणारा कोणताही कायदा करता येणार नाही असे कलम घातले गेले.

धोक्यात काय होते? पसरणे थांबले की सिनेटमधला तोल कायमचा गेला. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, ओरेगन ही सगळी गुलामगिरी नसलेली राज्ये म्हणूनच आत आली. दक्षिणेचे एकही राज्य न जिंकता माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो हे १८६० ने दाखवले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत काय होईल याचा हिशेब मळेवाल्यांना नीट कळत होता.

आणि शिपायांचे म्हणाल तर, फुटलेल्या राज्यांत साधारण तीन-चार गोऱ्या कुटुंबांमागे एकाकडे गुलाम होते. शिपाई स्वतः मालक नसला तरी बाप, काका, शेजारी असायचा. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याला 'मी निदान गोरा तरी आहे' एवढे तरी होते. घरावर सैन्य चालून आले म्हणून लढणारेही पुष्कळ होते, ते मी नाकारत नाही. पण शिपाई का लढला आणि राज्य का फुटले हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सह्यकडा

शेवटचे वाक्य पटले. जकातीबद्दल अजून वाचून बोलेन.

जेम्सकाठ

व्हर्जिनियात राहते, हॅम्प्टनपासून जवळच. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याची जागा आमच्या इथेच आहे, म्हणून लिहिते.

फोर्ट मन्रो नावाचा दगडी किल्ला समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या टोकावर आहे, भोवती पाण्याचा खंदक. व्हर्जिनिया फुटली तरी हा किल्ला संघराज्याच्या हातात राहिला. २३ मे १८६१ च्या रात्री तीन माणसे होडी वल्हवत खाडी ओलांडून इथे आली. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. पलीकडच्या काठावर बंडखोरांचा तोफखाना उभा राहत होता, तिथे त्यांना राबायला लावले होते. आता त्यांना आणखी दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायनात नेणार असे कळले. तिकडे नेले म्हणजे बायकापोरांची ताटातूट. म्हणून ते निघाले.

किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर, मॅसॅच्युसेट्सचा वकील, आदल्याच दिवशी रुजू झालेला. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने एक मेजर पांढरे निशाण घेऊन आला : पळालेल्या गुलामांना परत देण्याचा कायदा आहे, माणसे द्या. बटलरने विचारले की तुमचे राज्य आता परका देश आहे असे तुम्हीच म्हणता ना? परक्या देशाला अमेरिकेचा कायदा कसा लागू होईल? मालकाने येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, मग माणसे न्यावीत. नाहीतर शत्रूच्या कामाला जुंपलेला माल म्हणून मी ती ठेवून घेतो.

माणसाला 'माल' ठरवूनच त्याला ठेवून घेतले, हे वाचताना अंगावर काटा येतो. पण बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन दिवसांत आठ जण आले, मग झुंडीच्या झुंडी, म्हाताऱ्या बायका, तान्ही बाळे. जुलै संपेपर्यंत सुमारे ९०० माणसे. ऑगस्टमध्ये काँग्रेसला तसा कायदाच करावा लागला. बंडखोरांनी हॅम्प्टन गाव जाळून टाकले, तर याच लोकांनी त्या जळक्या विटांच्या चुली आणि धुराडी धरून आपली घरे उभी केली.

आणखी एक. १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी बंदी उतरवले गेले ते याच टोकावर, पॉइंट कम्फर्टला. भारतातून पाहुणे आले की वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क दाखवतात. जमल्यास त्यांना इथे आणा.

तोफखाना

युद्धाच्या वाटचालीवर लिहितो. शाळेत गेटिसबर्ग तेवढे शिकवतात, पण हे युद्ध नद्यांवर जिंकले गेले असे माझे मत आहे.

कागदावर उत्तर केव्हाही भारी होती. २ कोटी २० लाखांविरुद्ध ९० लाख, आणि त्या ९० लाखांत ३५ लाख गुलाम. रेल्वे दुपटीहून जास्त, बंदुका ओतणारे कारखाने जवळजवळ सगळे उत्तरेत. तरी चार वर्षे लागली, कारण दक्षिणेला फक्त टिकून राहायचे होते आणि उत्तरेला युरोपातल्या चार-पाच देशांएवढा मुलूख जिंकायचा होता.

पूर्वेकडे दोन्ही राजधान्या, उत्तरेची वॉशिंग्टन आणि दक्षिणेची रिचमंड, एकमेकींपासून शे-सव्वाशे मैलांवर. तिथे व्हर्जिनियात दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली एकामागून एक उत्तरी सेनापतींना परतवत राहिला. पश्चिमेत मात्र उत्तरेच्या युलिसिस ग्रँटने फेब्रुवारी १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सन घेतला, एप्रिलमध्ये शायलोची भयंकर लढाई निभावली, आणि त्याच महिन्यात आरमाराने न्यू ऑर्लिन्स घेतले. मिसिसिपी नदीवर महत्त्वाचे ठाणे उरले व्हिक्सबर्ग.

व्हिक्सबर्ग नदीच्या वळणावर उंच कड्यावर. समोरून चढता येत नाही, उत्तरेला दलदल. ग्रँटने हिवाळाभर कालवे खणून पाहिले, जमले नाही. शेवटी १६ एप्रिल १८६३ च्या रात्री जहाजे तोफांच्या माऱ्याखालून खाली नेली, सैन्य पश्चिम काठाने चालत गेले, गावाच्या खालच्या बाजूला नदी ओलांडली आणि मागून येऊन वेढा घातला. ४७ दिवस. गावकऱ्यांनी पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहा खणल्या आणि त्यांत सतरंज्या, पलंग नेऊन राहिले. शेवटी खेचरांचे मांस विकले जात होते. ४ जुलैला गाव पडले, जवळजवळ ३०,००० सैनिक शरण आले. आदल्याच दिवशी तिकडे गेटिसबर्गला लीचा हल्ला मोडला होता. तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५०,००० मृत, जखमी, बेपत्ता.

१८६४ मध्ये ग्रँट पूर्वेकडे आला आणि मागे फिरलाच नाही. पीटर्सबर्गला नऊ महिने खंदकांतली लढाई. उत्तरेचाच दुसरा सेनापती शर्मन, त्याने सप्टेंबरात अटलांटा घेतले. ते पडले नसते तर लिंकन नोव्हेंबरची निवडणूक बहुधा हरला असता, आणि मग तहाची भाषा सुरू झाली असती. डिसेंबरात शर्मन समुद्राला भिडला. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला ली शरण आला. १४ तारखेला लिंकनवर गोळी झाडली गेली.

मेलेल्यांचा जुना आकडा ६ लाख २० हजार. नव्या अभ्यासांत तो सात लाखांच्या पुढे जातो. निम्म्याहून जास्त रोगाने गेले, हगवण आणि विषमज्वराने.

काळी_माती

वाचतोय. खानदेशातला शेतकरी आहे, कापूस हा आमच्या घरचा विषय, म्हणून एक मुद्दा, अवांतर वाटेल पण अवांतर नाही.

दक्षिणेचा डाव असा होता की कापूस अडवला की इंग्लंड गुडघे टेकेल आणि आपल्या बाजूने उतरेल. सुरुवातीला त्यांनी स्वतःच कापूस बाहेर पाठवणे थांबवले, नंतर उत्तरेच्या आरमाराने बंदरे बंद केली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लाखो मजूर दानावर जगू लागले. पण इंग्लंड उतरले नाही. आधीचा कापसाचा साठा होता, उत्तरेचा गहू हवा होता, आणि लिंकनने बंडखोर भागांतल्या गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढल्यानंतर गुलामगिरीच्या बाजूने उभे राहणे अवघड झाले. १८६२ च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचे पत्र पाठवले. पोटावर पाय आलेला असताना! लिंकनने जानेवारीत त्यांना उत्तरही दिले.

ती कमतरता भरली आपल्या मातीने. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईला लोटला आणि भाव तिप्पट-चौपट झाले. आपला आखूड धागा तिकडच्या कामगारांना नकोसा वाटे, सारखा तुटायचा. इकडे दलालांनी गाठोड्यात पाणी, वाळू, सरकी घालायला सुरुवात केली. शेवटी १८६३ मध्ये मुंबई सरकारने भेसळीविरुद्ध कायदा केला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली ती याच काळात. बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पट चढले.

ली शरण आल्याची बातमी पोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्यांची मुदत भरली, पेढ्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बाँबेही गेली. शहराचे नुकसान सगळे लिहितात. पण भाव चढे असताना सावकाराने शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज दिले होते आणि सरकारने पुढे सारा वाढवला होता. भाव पडल्यावर कर्ज आणि सारा तेवढेच राहिले. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक धरतात. आजही परदेशातल्या भावावर आमचा कापूस चढतो-उतरतो, म्हणून हे वाचताना मला ते जुने वाटत नाही.

सुमती_वाचते

काळी_माती, प्रतिसाद अतिशय आवडला. आणखी एक दुवा राहू नये म्हणून लिहिते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापले ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून. गुलामांना दास्यातून मुक्त करताना त्यांनी दाखवलेल्या औदार्याचे आणि स्वार्थत्यागाचे कौतुक म्हणून. आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावे ही आशाही त्याच अर्पणपत्रिकेत आहे. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती आणि पुण्यात बसून ते त्या घटनेकडे आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहत होते.

एक प्रश्न पोथीनिशींना : मुक्तीचा जाहीरनामा 'नुसता कागद होता, एकही गुलाम त्याने सुटला नाही' असे म्हणतात. कितपत खरे?

पोथीनिशी

@सुमती_वाचते, तो आक्षेप अर्धाच खरा आहे. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा बंडखोर भागांपुरता होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर या निष्ठावान राज्यांतल्या गुलामांना तो लागू नव्हता. पण सैन्य जसजसे पुढे सरकले तसतसे त्याने मुक्ती नेली, आणि काळ्या माणसांना सैन्यात घेण्याचे दार उघडले.

लिंकनचे ऑगस्ट १८६२ चे पत्र सगळे दाखवतात : एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचले तर तसे करीन, सगळे सोडून वाचले तर तसे करीन. ते लिहिताना जाहीरनाम्याचा मसुदा महिनाभर आधीच मंत्रिमंडळापुढे ठेवला गेला होता. तो विजयाची वाट पाहत होता. १७ सप्टेंबरला अँटिटमला एका दिवसात दोन्हीकडची मिळून सुमारे २३,००० माणसे मृत, जखमी, बेपत्ता झाली, ली मागे हटला, आणि पाचव्या दिवशी लिंकनने घोषणा केली.

पण त्याला तिथपर्यंत ढकलत कोणी नेले? जेम्सकाठ यांनी लिहिलेल्या त्या तिघांनी, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच लाख माणसे मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत पोचली असा अंदाज आहे. प्रत्येक माणूस आला की मळ्यावरचे दोन हात कमी आणि इकडचे दोन जास्त. सेनापतींना रोज निर्णय घ्यावा लागे, आणि वॉशिंग्टनला त्यामागे नियम करावे लागत.

यातला रॉबर्ट स्मॉल्स मला सर्वात जवळचा वाटतो. चार्ल्सटनच्या 'प्लँटर' या बंडखोर आगबोटीवरचा गुलाम सुकाणूवाला, वय २३. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले. त्याने कप्तानाची गवती टोपी घातली, वाटेत बायकामुलांना बोटीवर घेतले आणि अंधारात बंदरातून निघाला. प्रत्येक किल्ल्यापुढे ठरलेली शिट्टी द्यायची असे. ती त्याला पाठ होती. फोर्ट सम्टरसमोर कप्तान उभा राहतो तसाच उभा राहिला. पहारेकऱ्यांनी जाऊ दिले. तोफेच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. सोळा माणसे सुटली.

सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या पायदळात-तोफखान्यात लढले, आरमारात आणखी काही हजार. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून. काळ्या सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने फोर्ट वॅग्नरवर रक्त सांडले आणि कमी पगार घ्यायलाच नकार दिला. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. पकडले गेल्यावर त्यांना युद्धकैद्यासारखे वागवले जाईल याची खात्री नव्हती. फोर्ट पिलोला शरण आलेल्यांना कापून काढले गेले.

सह्यकडा

स्मॉल्सचे पुढे काय झाले?

पोथीनिशी

त्याने साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टमधले आपल्या जुन्या मालकाचे घर विकत घेतले, ज्या घराच्या मागे त्याचा जन्म झाला होता तेच. युद्धानंतर साउथ कॅरोलायनातून काँग्रेसवर अनेकदा निवडून गेला. राज्यघटनेच्या १३ व्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली, १४ व्या आणि १५ व्याने नागरिकत्व आणि मताचा हक्क आला. पण १८७७ मध्ये उत्तरेने सैन्य मागे घेतले आणि दक्षिणेतली जुनी मंडळी बंदुकीच्या आणि कायद्याच्या जोरावर परत सत्तेत बसली. १८९५ मध्ये साउथ कॅरोलायनात नव्या राज्यघटनेसाठी सभा बोलावली गेली ती काळ्यांचे मत काढून घेण्यासाठीच. त्या सभेतल्या मोजक्या काळ्या प्रतिनिधींत स्मॉल्स होता. तो विरोधात बोलला, सही करायला नकार दिला. घटना मंजूर झाली.

१८६५ ते १८७७ या काळावर वेगळा धागा काढतो. जेम्सकाठ, तुमच्याकडचे काही असेल तर तिथे जरूर लिहा.